जाहिरात लागेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. भिंतीला कॅलेंडरसारखा टांगलेला तो आजकालचा चपटा नव्हे. मला पाठीला चांगलं हातभर कुबड आहे. मला बघून तुम्हाला हसू येतं हे मला माहीत आहे. हसा. मीही तुम्हाला बरीच वर्षं समोरून पाहिलंय, तोंडं उघडी टाकून बसलेलं.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने पोटात तारा भरल्या, एका माणसाने पाठीत धपाटा घातला आणि चित्र आलं. तेव्हापासून मला बडवलं की मी सुधारतो असा माणसांचा समज झालाय.

ज्या घरी आलो तिथे सुरुवातीला माझे फार लाड झाले. घरातली आई रोज ओल्या फडक्याने माझी काच पुसायची. पडद्यावर मुंग्या आल्या की धाकटा मुलगा माझ्या पायथ्याशी मुंग्यांच्या खडूची रेघ ओढायचा. एकदा माझ्यातल्या सिनेमात इतका पाऊस पडला की थोरल्याने खाली बादली लावली. भरलीही. खोटं वाटत असेल तर बादलीला विचारा.

पुढे मुलांचे वडील गेले, मुलांची लग्नं झाली आणि दोघे भाऊ एकमेकांच्या सावलीलाही उभे राहीनात. मधल्या खोलीत फरशीवर रंगाची रेघ मारली गेली. उजवीकडे थोरला, डावीकडे धाकटा, आणि रेघेवर दोघेच उरलो: मी आणि आईची खाट. मला वीज थोरल्याच्या बाजूने यायची, केबल धाकट्याच्या बाजूने. एकाने बटण बंद केलं तर मी मरायचो, दुसऱ्याने केबल उपटली तर आंधळा व्हायचो. पण जेवणं झाली की दोघेही निमूट आपापल्या बाजूला येऊन बसायचे, कारण तेव्हा ती मालिका लागायची.

मालिका एका वकिलाची होती. घरात सगळे त्याला ‘साहेब’ म्हणत. हा साहेब रक्ताने माखलेला सुरा स्वतःच्या बागेत पुरायचा, साक्षीदार भाजीसारखे निवडून घ्यायचा आणि एखाद्याला आयुष्यातून उठवण्याआधी खिशातून छोटा कंगवा काढून भांग नीट करायचा. प्रत्येक खटला तोच जिंकायचा. मला तो मनापासून नकोसा होता, मित्रांनो. पण गटाराला विचारून कोणी पाणी सोडतं का?

दोघे भाऊ मात्र त्याचे शिष्य झाले. घर आईच्या नावावर होतं आणि दुसऱ्याला तिथून कसं हाकलावं याचे धडे दोघेही माझ्यासमोर बसून घ्यायचे. साहेबाने खोटा साक्षीदार उभा केला, की दुसऱ्या दिवशी थोरला गल्लीतल्या न्हाव्याला गाठायचा. फरशीवरची रेघ धाकट्याने सरकवली असं त्याने सांगायचं होतं. न्हावी म्हणायचा, हेच सांग म्हणायला धाकटे आत्ताच येऊन गेले, फक्त नाव तुमचं होतं. दोघांचा वकील एकच, आणि तोही माझ्या पोटात. डाव चालणार कसा?

माझी वायर उजवीकडून यायची, केबल डावीकडून, दोन्ही खाटेजवळून नडगीच्या उंचीवर ताणलेल्या. आई किती वेळा म्हणाली, अरे, या भिंतीच्या कडेने घ्या, पाय अडकेल माझा. थोरला म्हणायचा, आधी त्याला काढायला सांग. धाकट्याचंही तेच.

त्या दिवशी मालिकेत एक म्हातारी जिन्यावरून पडली होती आणि साहेब शेवटचं बोलायला उभा होता. त्याने कंगवा खिशात ठेवला आणि म्हणाला, “पडलेला माणूस आपोआप पडत नाही. त्याला कोणीतरी ढकललेलं असतं. कोणी, ते आपण ठरवायचं.”

नेमकी तेव्हाच दोघांच्या पाठीमागे आई पाणी प्यायला उठली. पाय वायरीत अडकला. पुढे काय झालं ते मी समोरून पाहिलं, पण सांगत नाही. साक्ष आईची होती, तिलाच देऊ दे.

तिचं मनगट मोडलं. सकाळी थोरल्याने बोंब ठोकली की धाकट्याने आईला ढकललं. धाकट्याचीही तीच बोंब, नाव तेवढं उलटं. प्रकरण कोर्टात गेलं. मग एकेक जण एकट्याने आईच्या खाटेशी यायला लागला. उशी नीट करायची, पाय चेपायचे आणि हळूच म्हणायचं, “आई, तू फक्त त्याचं नाव घे. नाहीतर उद्या तुझं करणार कोण?” एका लेकावर खोटा आळ घेतल्याशिवाय म्हातारीला डोक्यावर छप्पर नव्हतं. ती छताकडे बघत राहायची.

साहेब दर खटल्यात काहीतरी वस्तू टेबलावर आपटायचा, म्हणून यांनाही वस्तू हवी होती. दोघांनी मलाच उचललं. एक बाजू थोरल्याने, दुसरी धाकट्याने. इतक्या वर्षांत दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

खरं कोर्ट बघून मी खट्टू झालो. कोणी काही आपटलं नाही. थोरल्याचा वकील उभा राहिला तेव्हा मी संगीताची वाट पाहत होतो, तर तो आपला चष्मा शोधत होता. न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती.

आई पिंजऱ्यात उभी राहिली. हात प्लॅस्टरमध्ये.

“आजी, तुम्हाला कोणी ढकललं?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“कोणी नाही. वायरीत पाय अडकला.”

दोन्ही वकील एकदम उठले आणि एकदम बसले.

“तेव्हा मुलं कुठे होती?”

“तिथेच. बघत होती.”

“तुम्हाला?”

“नाही, याला.” तिने प्लॅस्टरचा हात माझ्याकडे केला. “मी पडल्या पडल्या हाक मारली. परत मारली. पण साहेब बोलत होते ना. जाहिरात लागेपर्यंत दोघांतल्या एकानेही मान वळवली नाही.”

न्यायाधीशबाई नाक पुसायच्या थांबल्या.

“आवाज मोठा होता, आई,” धाकटा पुटपुटला.

“हो, फारच मोठा होता,” थोरला म्हणाला. भावाची बाजू त्याने अशी पहिल्यांदाच घेतली.

आईने दोघांकडे पाहिलं. “तुमच्यापेक्षा तो टीव्हीतला वकील बरा. निदान माणसाच्या तोंडाकडे बघून खोटं बोलतो. घर माझं आहे. दोघेही निघा.”

दोघे निघाले. तिने फरशीवरची रेघ घासून काढली, वायर गुंडाळली आणि कोर्टातून परत आलेल्या मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. काच आता कोणी पुसत नाही. नवरा-बायको असलेल्या दोन कोळ्यांनी माझ्या कुबडात संसार थाटलाय. त्यांच्यातही कुरबुर चालते, पण जाळं एकच आहे.

मुलं अधूनमधून येतात, बसतात. समोर बघायला काही नसतं, म्हणून नाइलाजाने आईकडे बघतात.

तेव्हा मित्रांनो, माझी धूळ पुसा किंवा नका पुसू, मला तुमच्याबद्दल फारसं प्रेम नाही. पण पाठीमागे कोणी पडल्याचा आवाज आला तर तेवढी मान वळवा. साहेबाची काळजी करू नका. तो पुढच्या भागातही सुटणारच आहे.