चिंधी एकच वापरली

नॉ मू पॉ भाताचं ताट तसंच टाकून उठली, कारण चर्चकडून बायांच्या रडण्याचा आवाज येत होता. कुणी मेलं असतं तर घंटा झाली असती. घंटा नव्हती. नुसतं रडणं.

चर्चच्या पडवीत तिनं घडवलेलं प्रवचनपीठ उभं होतं. लालभडक पडौक लाकडाचं. त्याच्या दर्शनी फळीत चुगलामच्या पांढऱ्या लाकडाचा क्रूस तिनं केसभरही फट न ठेवता बसवला होता. जेवायला जाण्याआधी हात भरून आल्यावरही ती स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचं, चपड्याचं पॉलिश घासतच राहिली होती. आता बाया गुडघ्यांवर बसल्या होत्या, आणि क्रूसाच्या आडव्या पट्टीवर लाल ओरखडे उमटले होते. टोकांपाशी गडद, मध्ये पुसट.

"रक्त!" कमिटीचा म्होरक्या सॉ पो ठिन ओरडत होता. "प्रभूच्या जखमांच्या जागीच आलंय, बघा!"

मू पॉ पुढे वाकली. तिला एका नजरेत कळलं. पडौकचा लाल रंग स्पिरिटात विरघळतो. म्हणून पांढऱ्यावर आधी वेगळ्या चिंधीनं पॉलिश द्यायचं, ते सुकू द्यायचं, मग लालला हात लावायचा. करेन जमातीतल्या सुतारांच्या घरात पोराला चालता येण्याआधी हे कळतं. आणि तिनं लालवरची चिंधी तशीच पांढऱ्यावर फिरवली होती.

का? तर घाई. उद्या नव्या भाताचा सण. बाप म्हणाला होता, तेल दे, सावकाश मुरू दे. पो ठिनला हवी होती गावातल्या हॉटेलसारखी चकाकी, तीही सणाच्या आत. "बाईच्या हातून व्हायचं नाही, सांगून ठेवतो," असं तो चारचौघांत म्हणाला आणि हिचं डोकं फिरलं. बापाचं तेल राहिलं बाजूला.

"काका, ते रक्त नाही," ती म्हणाली. "रंग उतरलाय. माझी चूक आहे."

"गप गं! तुझी कसली चूक? तू नुसते हात. करणारा वेगळाच आहे." पो ठिन बायांकडे वळला. "सगळ्या बेटांवरून लोक येतील आता."

नुसते हात! पुरुषानं केलं असतं, तर सुताराचं नाव विचारलं असतं. बाईनं बिघडवलं तर बाईनं बिघडवलं, आणि लोकांना भावलं तर देवानं केलं. मधे बाई कुठंच नाही. ती पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिली. कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं.

ती घरी आली. बाप सॉ टा ले ओट्यावर सुपारी कातरत होता. हात थरथरायला लागल्यापासून त्यानं रंधा सोडला होता, जीभ सोडली नव्हती.

"चिंधी बदलली नाहीस ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाया रडत गेल्या ना इथून. पडौकला रडणाऱ्या बाया मी पहिल्यांदाच बघितल्या." तो खो खो हसला. मग म्हणाला, "गप्प बस आता. नाव होईल."

"कुणाचं, बा?"

बापाचं सुपारी कातरणं थांबलं.

ती बसली, उठली, पाणी प्यायली, परत उठली. फळकुटांच्या ढिगातून पडौकचा एक तुकडा उचलला, फुटक्या बाटलीची काच, स्पिरिट आणि चिंधी घेतली आणि निघाली.

पडवीत आता पाळक आले होते. शांत माणूस, सगळे त्यांना थरा म्हणत. ते क्रूसाकडे बघत होते, पण गुडघ्यांवर बसले नव्हते.

"थरा, हे बघा." तिनं स्पिरिटात भिजवलेली चिंधी तुकड्यावर फिरवली. चिंधी लालबुंद झाली. "हा घ्या दुसरा चमत्कार. हवे तेवढे करून देते."

एक बाई फिसकन हसली आणि तोंडावर हात ठेवला. दुसरी उठून गेली, रागानं.

"सैतान शिरलाय हिच्यात!" पो ठिन मधे आला. "थरा, लोकांची श्रद्धा आहे!"

"श्रद्धा ठेवा ना, काका. माझ्या चुकीवर कशाला ठेवता? वर्षभरात हा लाल चहाच्या चोथ्यासारखा होईल. तेव्हा काय सांगाल, रक्त शिळं झालं?"

थरांनी तिच्या लाल बोटांकडे पाहिलं. "निघेल?"

"खरवडून निघेल. पण उद्या व्हायचं नाही. सुकायला वेळ लागतो."

"मग उद्या मी जुन्या टेबलामागूनच बोलेन."

पो ठिन तिच्यावर थुंकल्यासारखं जमिनीवर थुंकला. सणाला सगळं गाव येणार, आणि तिचं काम गोणपाटाखाली असणार. बिघडवलं म्हणून तिचं नाव घरोघर निघणार. निघू दे. नाव तरी तिचं असेल.

तिनं काच तिरकी धरली आणि आडव्या पट्टीवर ओढली. गुलाबी भुसा पडला. परत ओढली. बोटाला काच लागली, तशी ती हात झटकून दूर सरकली. खरंच रक्त सांडलं असतं तर पो ठिनचं फावलं असतं. बोट कपड्याच्या टोकात गुंडाळून ती परत बसली. हळूहळू भुसा पांढरा पडायला लागला.

पायऱ्यांवर काठी वाजली. बाप धापा टाकत वर आला. त्याच्या थरथरत्या हातात जुन्या लुंगीच्या फाडलेल्या दोन चिंध्या होत्या, एकीला गाठ मारलेली.

"गाठीची पांढऱ्याला," तो म्हणाला. "आणि उद्या सणाला ये. घरात तोंड लपवून बसलीस तर काठीनं आणीन."