पेटीवरचा पत्ता

टिंग.

कॉम्प्युटरशेजारच्या फोनने एकदाच बारीक आवाज केला आणि दुपार पुन्हा गप्प झाली. बाहेर पडवीतला रिसीव्हर कुणी उचलला की आतला फोन असाच शहारायचा. भार्गवी इंटरनेट जोडायच्या बेतात होती. तिने माऊसवरचा हात काढून घेतला. घरात लाइन एकच. सासऱ्यांचं, भाऊंचं, बोलणं संपल्याशिवाय नेट लागणार नव्हतं.

लेक उमा पडवीत आजोबांजवळ बसून आंब्याच्या पेट्यांवर नावं घालत होती, म्हणून तर हा अर्धा तास हाताशी आला होता. नवरा, अजिंक्य, बाजाराची गाडी घेऊन वाशीला गेलेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. जेवणानंतरची झोप मोडून भाऊ कलेक्टरशीसुद्धा बोलले नसते. आणि या आठवड्यातला हा चौथा फोन.

तिने रिसीव्हर हलकेच उचलला.

"गुडघा काय म्हणतोय आज? तेल लावलंत का?" आवाज अनोळखी, तरुण.

"लावलं हो, अनिश साहेब. पण म्हातारपण का तेलाने जातंय?" भाऊ हसले. "तुमच्या बँकेत इतकं कुणी विचारत नव्हतं पूर्वी."

"हल्ली इंटरनेटवर चोऱ्या फार वाढल्यात ना. तुमच्यासारख्या मोठ्या खातेदारांना जपायलाच नेमलंय आम्हाला. काल दिलात तो पासवर्ड बरोबर होता. आता पैसे पाठवायचा दुसरा सांगा. सावकाश, एकेक अक्षर."

"घ्या. व्ही... आय..."

भार्गवी खिडकीकडे झेपावली. दोन्ही फोनच्या लाइनची वायर तिथल्या डबीत होती. पुढचं अक्षर यायच्या आत तिने ती ओढून काढली.

"हॅलो? हॅलो?" आता भाऊंचा आवाज फक्त पडवीतून येत होता.

लाइन पुरती तुटावी म्हणून तिने दहापर्यंत आकडे मोजले आणि वायर मोडेमला जोडली. किरकिर, शीळ, पुन्हा किरकिर. पडद्यावर बँकेची पानं वरून खाली चिंचोळ्या पट्टीने उतरायला लागली. कालचा पासवर्ड त्या माणसाकडे होता. त्याने तो बदलला असेल, तर हंगामाचे साडेअकरा लाख कुलपाच्या पलीकडे गेले आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात. हे नेटबँकिंग भाऊंच्या गळी तिनेच उतरवलं होतं. सत्तरी उलटलेल्या माणसाला कशाला ते, असं अजिंक्यने विचारलं तेव्हा 'मी आहे ना' म्हणाली होती.

पासवर्ड चालला. पैसे जागेवर होते. पण पैसे पाठवायच्या यादीत एक नवं नाव दिसत होतं, पाव तासापूर्वी घातलेलं. नवा पासवर्ड टाकताना तिची बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमलं. मग वायर नुसत्या आतल्या फोनला लावून तिने शाखेत फोन केला, खातं थांबवायला सांगितलं आणि वायर पुन्हा डबीत खोचली.

ती पडवीत आली तेव्हा भाऊ रिसीव्हर आपटून पुन्हा कानाला लावून बघत होते.

"मेला फोन, ऐन बोलण्यात बंद पडला."

"मी काढली होती वायर, भाऊ."

"अगो, साहेब बोलत होते! काय म्हणतील ते?"

"तो बँकेतला नाही. आत्ता शाखेत विचारलं. चोर आहे."

"चोर माझ्या गुडघ्याची चौकशी करतो?"

तिने त्यांच्या हातातला रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला. भाऊंचं हसू ओठांवरच राहिलं.

"दुसरा पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, असं ठरलं होतं ना आपलं?"

"म्हणून तर तुलासुद्धा सांगितला नाही..." बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला. मग त्यांनी विचारलं, "पैसे?"

"आहेत. सगळे."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने काचा पुसायला घेतल्या. पुसून झाल्या तरी ते पुसतच राहिले.

बाजाराचा माल गेला की घरच्या पेट्या भरायच्या, ही भाऊंची जुनी रीत. वर्षभरात ज्याने आपलं काम आपुलकीने केलं त्याला एक: डॉक्टर, हेडमास्तर, पावसात खांबावर चढलेला वायरमन. दरवर्षी बारा. आज भिंतीशी तेरा होत्या. शेवटच्या पेटीसमोर उमा मांडी घालून बसली होती, नाकाला काळा रंग लावून. दुसरीतल्या अक्षरांत तिने लिहिलं होतं: अनिश साहेब. त्याखाली शहर, गल्ली, खोलीचा नंबर. आणि सगळ्यात खाली, जागा न पुरल्यामुळे तिरकं: टेलरकडे ठेवणे, वर कुणी नसतं.

"द्यायला तयार नव्हता पत्ता," भाऊ म्हणाले. "मीच आग्रह केला. मग म्हणाला, आईला हापूस फार आवडतो."

भार्गवीने शेवटची ओळ पुन्हा वाचली. बाकीचं खोटं असेलही. पण टेलर कुणी खोटा सांगेल?

"भाऊ," ती म्हणाली, "हा पत्ता पोलिसांत द्यायला हवा."

भाऊ उठले, गुडघा धरून पेटीशी आले आणि त्यांनी पत्त्यावर पालथा हात ठेवला. रंग ओला होता, तरी हात उचलला नाही.

"हा त्याने आंब्यासाठी दिलाय, गो."

तेवढ्यात फोन वाजला. आतला आणि पडवीतला, दोन्ही एकदम. कुणी हलेना. घंटा वाजत राहिली, मग थांबली.

भाऊंनी हात काढून घेतला. अक्षरं फिसकटली होती, पण वाचता येत होती. उमाने कुंचला रंगात बुडवला आणि तसाच हवेत धरला. आजोबांकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, मग ही पेटी पाठवायची ना?"