पांढऱ्या पडद्यावरचं हसू

आमच्या धंद्यात शांततेला भोक म्हणतात. पडद्यावर चार श्वास कुणी बोललं नाही, वारा नाही, पावलं नाहीत, की चॅनेलवाल्यांचा फोन आलाच: अमुक ठिकाणी भोक आहे, बुजवून द्या. मुलं कंटाळतात म्हणे. मुलं कसली कंटाळतायत, हेच कंटाळतात. पण हे त्यांना सांगून स्वतःच्या पोटावर पाय कोण आणणार? म्हणून मी भोकं बुजवते. कुठे एखादं ‘अरे बापरे’, कुठे खोकला, कुठे हसू. परदेशी कार्टूनच्या तोंडात आपली भाषा घालायचं हे काम मी इतकी वर्षं करतेय, की शेजारी भांडत असले तरी ओठ जुळतायत का तेच आधी बघते.

तो जपानी सिनेमा आमच्याकडे आला तेव्हा मी भलतीच खूश होते. जुना, हाताने काढलेल्या चित्रांचा, जगभर नावाजलेला. आम्ही त्याला नुसतं ‘चंद्रांचा सिनेमा’ म्हणायचो. समुद्राकाठी एक गाव असतं. तिथल्या शाळेत मुली कागदाला कागद चिकटवून घराएवढे मोठे चंद्र करतात. कपाळाला पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या, तोंडाने गाणं चाललेलं, मधूनच एखादी बोटावरची खळ चाटते. चंद्र तयार झाले की किनाऱ्यावरून सोडतात आणि ते समुद्रावरून दूर दूर जातात. शेवटी पलीकडच्या देशातल्या एका जंगलात एक चंद्र झाडाला अडकतो. तिथे सहलीला आलेली मुलं त्याच्याकडे धावत सुटतात आणि पडदा पांढरा होतो. नुसता पांढरा, बराच वेळ. मग पाखरं उडतात, आणि या काठावर एक म्हातारी समुद्राकडे तोंड करून उभी दिसते. सुरुवातीला गोष्ट सांगायला घेते ती हीच, त्या मुलींमधली सगळ्यात धाकटी. तिथे सिनेमा संपतो.

मूळ सिनेमात त्या पांढऱ्या पडद्यावर काहीच ऐकू येत नाही. म्हणजे भोक, आणि तेही विहिरीएवढं. मी तिथे मुलांचं हसणं लावून टाकलं. असली हसण्याची रेकॉर्डिंग आमच्याकडे ढिगाने पडलेली असतात. शेवटची म्हातारीही मुळात गप्पच आहे, पण ती पाठमोरी. ओठ दिसत नसले की आम्हाला रान मोकळं. मी तिला एक वाक्य लिहून दिलं: ‘किती सुंदर होते गं आमचे चंद्र.’ स्वतःवरच खूश होऊन मी ते दोनदा मोठ्याने वाचलंही होतं.

म्हातारीच्या आवाजासाठी मावशीला बोलावलं. ही माझी सख्खी मावशी. आई गेली तेव्हा मी लहान होते. मावशीने शिवणकाम करून मला वाढवलं. हातून शिवण सुटल्यावर घरात बसून ती भिंतींशी बोलायला लागेल अशी मला भीती वाटली, म्हणून मी तिला माइकपुढे उभं केलं. भल्याभल्या नट्यांनी घसा खरवडून काढलेला म्हातारा आवाज तिच्यापुढे पाणी भरेल. आमच्या स्टुडिओत तिने चेटकिणी केल्यात, कासवं केलीत, एकदा बोलणारं कपाटही केलंय. कपाटाला कुठले दात, म्हणून त्या दिवशी तिने कवळी काढून माझ्या हातात दिली होती.

मावशीची एक गोष्ट आहे. लढाईच्या दिवसांत तिची शाळा बंद झाली आणि मुलींना एका शिवणाच्या शेडमध्ये बसवलं. तिथे त्या पांढऱ्या कापडाच्या छत्र्या शिवायच्या. त्या छत्र्यांना बांधून विमानातून औषधं आणि बिस्किटं खाली सोडत, सीमेपलीकडे वेढ्यात अडकलेल्या लोकांसाठी. पांढरं कापड हातात आलं की मावशीची ही गोष्ट सुरू व्हायची. आमचा टाका कधी उसवला नाही, किती जीव वाचले असतील कुणास ठाऊक, असं म्हणून ती कापडावरून हात फिरवायची. पुढे जन्मभर तिने लोकांचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवले. नवरा लवकर गेला, पोटचं मूल नाही. अभिमानाने सांगावं असं तिच्याकडे हे एवढंच.

रेकॉर्डिंगच्या सकाळी आमचे भाषांतरकार आले. जपानी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. शब्द बरोबर बसलेत का ते बघायला ते आले होते. पांढऱ्या पडद्यावर हसणं ऐकलं आणि त्यांनी चित्र थांबवायला सांगितलं. चष्मा काढून हातात धरला.

“बाई, तिथे मुलं हसत नाहीयेत,” ते म्हणाले. “तिथे आता मुलं नाहीतच.”

मग त्यांनी मला सगळा सिनेमा उलगडून दाखवला. त्यात लढाई हा शब्द एकदाही येत नाही, पण एकदा कळल्यावर दुसरं काही दिसतच नाही. अख्ख्या गावात एकही तरुण पुरुष नाही. आहेत ते म्हातारे आणि पोरंसोरं. पहिल्याच दृश्यात फळ्यावरचं वेळापत्रक पुसलं जातं आणि पुन्हा कधी लिहिलं जात नाही. शाळेच्या खिडक्यांना आतून कागद लावलाय, काय चाललंय ते बाहेर कळू नये म्हणून. कपाळाच्या पट्ट्या खेळातल्या नाहीत, लढाईच्या कामाला जुंपल्याच्या आहेत. मुली खळ चाटतात ती गंमत म्हणून नाही, भुकेने. ती खळ एका कंदाच्या पिठाची, म्हणजे खाण्याचीच वस्तू. उकळत्या कढईपाशी गरिबांच्या मुली आणि तयार कागदावर नुसता शिक्का मारायला गावच्या प्रमुखाची मुलगी, हेही चित्रकाराने न बोलता काढून ठेवलंय. आणि ते चंद्र म्हणजे कागदाचे फुगे, खाली बॉम्ब बांधलेले. हे खरंच घडलंय, मास्तर म्हणाले. त्या लढाईत जपानी शाळकरी मुलींकडून असे फुगे करून घेतले आणि वाऱ्यावर समुद्रापार सोडले. एक जंगलात पडला आणि सहलीला आलेली एक बाई आणि मुलं त्यात गेली. मुलींना आपण काय करतोय ते धड सांगितलेलंही नव्हतं.

माझ्या डोळ्यांसमोर मावशी आली, मांडीवर पांढरं कापड घेऊन बसलेली.

त्या छत्र्यांबद्दल मला मोठेपणी संशय आला नव्हता असं नाही. ज्या सरकारने आपल्याच माणसांना धड जेवू घातलं नाही, ते परक्यांवर बिस्किटं उधळत होतं म्हणे! कुणाच्या गळी उतरेल? पण मी कधी खोलात गेले नाही. म्हातारीकडे आहे तेवढं एक समाधान, ते हिसकावून घेऊन मी काय मिळवणार होते? आणि आता हा सिनेमा आयता तिच्यापुढे येऊन उभा. तिने तो नीट पाहिला असता तर ती काही दुधखुळी नव्हती. दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्याच असत्या.

मी मास्तरांना स्पष्ट सांगितलं की मावशीपुढे यातलं अवाक्षर काढायचं नाही. त्यांनी मान हलवली, पण हसण्याचं काय, असं विचारलं. हसणं राहील, मी म्हटलं. चॅनेललाही हवंय आणि मावशी असेपर्यंत मलाही. त्यांना ते आवडलं नाही. छत्री घेऊन गेले बिचारे, निरोपही न घेता. मी ठरवलं की मावशीला फक्त तिचे दोन तुकडे दाखवायचे, सुरुवातीचा आणि शेवटचा. मधल्या सगळ्यात मुलं खेळतात, बघण्यासारखं काही नाही, असं सांगायचं.

मावशी आली. सुरुवातीची वाक्यं तिने एका दमात दिली. ‘आम्ही मुली चंद्र करायचो’ असं ती म्हणाली आणि काचेपलीकडे आमचा रेकॉर्डिंगवाला डोकं हलवायला लागला. याला आम्ही काटा म्हणतो. आवाजाच्या काट्याकडे बघत बघत त्याने निम्मं आयुष्य घालवलंय, माणसाच्या तोंडाकडे क्वचितच बघतो. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात चॅनेलचा फोन आला म्हणून मी बाहेर गेले.

त्या फोनने तासभर माझं डोकं खाल्लं. परत आले तर मावशी माइकपुढच्या स्टुलावर बसलेली आणि समोर पडद्यावर पाखरं उडत होती. काट्याने बसल्या बसल्या तिला अख्खा सिनेमा दाखवला होता. मावशींनी विचारलं मधे काय आहे, मग लावला, तो म्हणाला. त्याची काय चूक? मीच त्याला काही सांगितलं नव्हतं. हसण्याचा आवाज स्पीकरमधून नुकताच थांबत होता.

मी मावशीच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, शेवटचं वाक्य घेऊ या ना.

घेतलं. ‘किती सुंदर होते गं आमचे चंद्र.’ बाजाराची यादी वाचावी तसं म्हणाली. पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच. मी जरा मायेने म्हण म्हटलं, तर आवाज आणखी सपाट झाला. मग माझी सटकली. ती सटकली भीतीने, हे मला तेव्हाही कळत होतं. बोलणारं कपाट करताना जीव ओतलास आणि आता दोन शब्द जड होतायत होय, असं काहीबाही मी काचेमागून बोलून गेले. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मी दार उघडून आत गेले.

“तुझा एक मामा होता,” ती म्हणाली.

मला माहीत होतं. लहानपणी तापाने गेला, असं आई सांगायची.

“तापाने नाही गेला.”

तिने सांगितलं ते असं. मामा तेव्हा शाळेत जायच्याही वयाचा नव्हता, आणि सारखा भुकेला. शेडमधली मुकादमीण मुलींना जे सांगायची, तेच मावशी घरी येऊन त्याला सांगायची. पांढरी छत्री उतरताना दिसली तर पळत जायचं. जो आधी पोचेल त्याची बिस्किटं. एक दिवस वारा फिरला. मावशी पाणी प्यायला शेडच्या दारात आली होती, आणि गावाबाहेरच्या माळावर छत्र्या उतरत होत्या. तिच्याच शेडमधल्या. तिने शिवलेल्या छत्र्या उघडलेल्या ती पहिल्यांदाच बघत होती.

“आधी मला आनंद झाला गं,” ती म्हणाली. “काय देखण्या दिसत होत्या. मग त्यांच्याकडे पळणारा हा दिसला.”

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण बघत होती पडद्याकडेच.

“धावताना तो हसत होता. तिथवर तुझं बरोबर आहे. पांढरं झाल्यावरचं मात्र काढून टाक.”

मग इतकी वर्षं ती औषधं आणि बिस्किटं कशासाठी सांगत राहिलीस, मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता, की हे एवढं ओझं एकटीने वाहिलं आणि मला साधी चाहूल लागू दिली नाही. मी मूर्खासारखी सकाळपासून तिच्यावर पांघरूण घालत फिरत होते. तुझी आई धाकटी, ती म्हणाली, तिला ताप सांगितला. पण बिस्किटांची गोष्ट मावशीला स्वतःलाच सोडवली नाही.

“ती खोटी आहेत म्हटलं असतं, तर तो नुसताच बॉम्बकडे पळाला असं झालं असतं. मी धाडलं म्हणून.”

मी बाहेर आले आणि काट्याला हसणं पुसायला सांगितलं. चॅनेल काय म्हणेल, त्याने विचारलं. चॅनेल गेलं खड्ड्यात, मी म्हटलं. त्याने पुसलं. माझं ते सुंदर चंद्रांचं वाक्यही मी कागदावर आडवी रेघ मारून काढून टाकलं. आता म्हातारीला बोलायला काही उरलं नव्हतं. मी मावशीला म्हटलं, चल, घरी जाऊ.

ती उठली नाही. तिने हेडफोन पुन्हा डोक्यावर चढवले, स्टूल मागे सारलं आणि माइकपुढे उभी राहिली. मुलं धावायला लागतात तिथून लाव, ती काट्याला म्हणाली. तिथे तिच्या म्हातारीचं काही काम नव्हतं. काट्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

जंगल आलं. झाडाला अडकलेला चंद्र आला. मुलं धावली.

“थांब,” मावशी ओरडली. “जाऊ नकोस रे. तिथे काही नाहीये, माघारी फिर.”

यंत्रावरचा आवाजाचा काटा लाल रेघेच्या पार गेला. एवढा मोठा आवाज आमच्याकडे चालत नाही. आमच्या माणसाने एरवी झटकन हात पुढे करून तो खाली ओढला असता. त्याने हात लावला नाही. पडद्यावरची मुलं तशीच धावत राहिली, आणि पडदा पांढरा झाला. कुठूनही काही ऐकू येत नव्हतं. मावशी त्या पांढऱ्याकडे बघत उभी होती, एक हात वर केलेला. पाखरं उडाली तेव्हा तिने तो खाली घेतला.

मी आत जायला निघाले, तेवढ्यात स्पीकरमधून तिचा आवाज आला. कामातला, रोजचा.

“पुन्हा एकदा लाव रे,” ती म्हणाली. “या वेळी जरा आधी ओरडते.”