शेंड्यावरचे नळे

“आई, हा गूळ आहे की काकवी?”

मिस्बाने करवंटी उलटी केली. ढेप पडायची, त्याऐवजी तपकिरी चिकट तार लोंबत खाली आली आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडली.

“मला काय विचारतोस? नीरा तू काढतोस, मी नुसती आटवते,” दार्यम चुलीत लाकूड सारत म्हणाली. तोंड तिने चुलीकडेच ठेवलं होतं. धुराने डोळ्यांत पाणी येतं, हे एक बरं असतं. कुणी कारण विचारत नाही.

“काल व्यापाऱ्याने अख्खी टोपली परत केली. म्हणाला, याचं काय करू, केसांना चोपडू?”

“त्याला केस आहेत कुठे!” पडवीतल्या बांबूच्या बाजेवरून त्याचा बाप तार्सुन ओरडला.

मिस्बा हसला. कोयता कमरेला अडकवून, “बिस्मिल्ला” पुटपुटत तो परसातल्या माडाकडे गेला. दार्यम ढवळायचं सोडून दारात येऊन उभी राहिली. रोज राहायची. त्याचे तळवे खाचांमधून वर वर जाताना दिसत, मग झावळ्यांत नाहीसे होत. ते पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत ती दारातून हलत नसे.

वातुजाजर वाडीत बाप्यांनी सकाळ-संध्याकाळ माड चढायचे, पोय म्हणजे कोवळा फुलोरा तासून त्याखाली नीरेचे नळे लावायचे आणि बायकांनी दिवसभर काहील ढवळायची, एवढाच संसार. तार्सुन विशीपासून चढत होता. गेल्या पावसाळ्यात शेवाळलेल्या खाचेवरून त्याचा पाय सटकला आणि कमरेखालचं शरीर परकं झालं. वाडीत अशा आणखीही बाजा होत्या. कुणी त्याचं फार बोलत नसे.

पण दार्यमच्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती, आणि ती तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. त्या दिवशी धप्प आवाज तिने ऐकला होता. नारळ पडला असेल, असं तिला वाटलं. पाक नेमका तारेवर आला होता, सोडला तर करपला असता. म्हणून ती ढवळत राहिली. नारळ समजून ढवळत राहिली!

बाप पडला तेव्हा मिस्बा शहरात एका शिंप्याकडे काज-बटण करत होता. निरोप मिळताच तो आला आणि बापाचा कोयता त्याने कमरेला लावला. आता जाकार्ताच्या पलीकडच्या बुटांच्या कारखान्यात मित्राने त्याच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. रविवारी वाडीतल्या पोरांची गाडी सुटणार होती. दिवसभर उभं राहून काम, पण उभं राहायचं ते जमिनीवर. दार्यमला तेवढंच हवं होतं. ती रडली, रागावली, दोन दिवस त्याच्याशी बोललीसुद्धा नाही. पोराचं एकच पालुपद, “मी गेलो तर चढणार कोण? तू?”

मग तिने चुना घालायचं बंद केलं.

बांबूचे नळे माडावर जाण्याआधी गरम पाण्याने विसळायचे, प्रत्येकात चिमूटभर चुना आणि झाडाच्या सालीचा तुकडा टाकायचा. नाहीतर नीरा वरच्यावर आंबते आणि आंबलेल्या नीरेचा गूळ सात जन्मांत बसत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूने तिला हे पहिलं शिकवलं होतं. नळे भरणं बायकांचं काम, त्यात पुरुष कधी डोकावत नाहीत. पहिल्या दिवशी हात सवयीने चुन्याच्या मडक्याकडे गेला. तो तिने चोरासारखा मागे घेतला.

मिस्बा लांबच्या माडांकडे गेल्यावर तार्सुनने हाक मारली, “अगं ए, इकडे ये. घरातला चुना संपलाय का?”

दार्यमच्या हातातला कालथा तसाच राहिला.

“पाय गेलेत माझे, नाक शाबूत आहे. तीन दिवस काहिलीतून आंबूस वास येतोय. पोराचं पोट मारून त्याला हाकलणार?”

“हो, हाकलणार.”

“आणि आपण काय खायचं?”

“मागे कंद लावलेत. तो पाठवेल काहीतरी.”

“पाठवेल!” तार्सुन म्हणाला. “माझ्या बापाने लावलेत ते माड, कळतंय का?”

“कळतंय. त्यातल्याच एकाने फेकलं तुम्हाला. आता पोरगंही देऊ त्यांना? मग एक बाज अजून आणू, शेजारी शेजारी निजा दोघं!”

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. तार्सुनला कूस बदलता येत नव्हती. त्याने नुसतं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मिस्बा परत आला तो पडेल चेहऱ्याने. त्याने नळे काहिलीत ओतले. नीरेला पांढरट फेस आला होता.

“शेजारच्या किर्मानकाकांचा गूळ दगडासारखा बसतो,” तो बापाच्या बाजेशी येऊन उकिडवा बसला. “माझंच काहीतरी चुकतंय, बाबा. पोय नीट तासली जात नाही का? कोयता कसा धरायचा ते परत एकदा दाखवा ना.”

त्याने कोयता बापाच्या हातात दिला. दार्यमचं काळीज तुटलं. हा विचार तिने केलाच नव्हता. पोरगं स्वतःलाच बोल लावत होतं! तोंडाशी आलं होतं की सगळं सांगून टाकावं आणि चुन्याचं मडकं त्याच्यापुढे आदळावं.

तार्सुनने कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

“तुझं काही चुकत नाही, बाळा. धार चांगली राखलीस,” तो म्हणाला. “माड थकलेत. वर्षभर मोकळे सोडले पाहिजेत.”

“वर्षभर?”

“मग! माझे बाबा सोडायचे. जा तू रविवारच्या गाडीने. वर्ष काढ आणि ये.”

असं कधी कुणी सोडत नव्हतं. आयुष्यभर त्या माडांविरुद्ध तार्सुनने अवाक्षर काढलं नव्हतं. काढलं ते असं. दार्यमने काहिलीत खोबऱ्याचा कीस टाकला, फेस खाली बसला, आणि ती ढवळत राहिली.

रविवारी पहाटे नवा सदरा घालण्याआधी मिस्बा म्हणाला, “नळे दे, आई. तासलेल्या पोया अशाच टाकून जायला बरं नाही वाटत. शेवटचे लावतो. किर्मानकाकांना सांगितलंय, ते संध्याकाळी उतरवतील.”

दार्यमने नळे विसळले. या वेळी प्रत्येकात चुना घातला, साल घातली. पोराच्या हातून शेवटचं जे वर जाईल, ते तरी नासायला नको.

तो उतरला. कोयता सोडून त्याने भिंतीवरच्या खुंटीला अडकवला, बापाचा हात कपाळाला लावला, मग आईचा. “जेवत जा वेळेवर,” एवढंच तिला सुचलं. गाडीतली पोरं हसत खिदळत होती. वळणावर मिस्बाने हात केला तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं की वर्ष म्हणून गेलेलं वाडीतलं कुणी माड चढायला परत आलेलं नाही. हेच तर तिला हवं होतं. तरी गाडीची धूळ खाली बसेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

संध्याकाळी किर्मान अंगणात आला. माडाकडे मान वर करून बराच वेळ उभा राहिला.

“वहिनी, गुडघा नुसता ठणकतोय. माझेच माड आज अर्धे राहिले. उद्या बघतो हं.”

“बघा, भावजी. जपून,” ती म्हणाली. साठी उलटलेला माणूस, त्याला काय बोलणार?

सकाळी चूल पेटवायचं कारणच नव्हतं. दार्यम उंबऱ्यावर नुसती बसली होती. सुकलेल्या झावळीवर टप्प आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा झाला.

“ऐकतेस?” तार्सुन म्हणाला. “नळे भरून वाहायला लागले.”

“ऐकतेय.”

“अजून गोड वास आहे गं. चुना घातलास वाटतं?”

“घातला.”

“दुपारपर्यंत आंबेल.”

तिने वर पाहिलं. नळ्यांभोवती माश्या घोंघावत होत्या. खाचा तिच्या गुडघ्यापासून थेट आभाळापर्यंत गेल्या होत्या. तिने पहिल्या खाचेवर हात ठेवला, तसाच काढून घेतला. घरातून पातेलं आणून माडाच्या बुंध्याशी मांडलं.

“पडतंय का भांड्यात?” पडवीतून तार्सुनने विचारलं.

वाऱ्याने शेंडा डोलत होता. एक थेंब इकडे मातीत पडला, एक तिकडे.

“पडतंय,” दार्यम म्हणाली, आणि पातेलं थोडं सरकवून ठेवलं.