केक कोणाचा?

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे, पण मला वरून पाहून माझ्याविषयी मत बनवू नका. वरून मला तासले आहे, घासले आहे आणि महागडे तेल पाजले आहे. खरा मी पाहायचा असेल तर खाली वाका. केव्हिन स्कलीने तोंडातून काढून चिकटवलेले च्युइंगम तिथे अजून आहे. या चकचकीत कार्यालयात कोणी खाली वाकत नाही, म्हणून तर ते वाचले.

माझा जन्म मेलबर्नच्या पश्चिमेला, ब्रेब्रुकमधल्या ट्रेगोवन पंपांच्या कारखान्यात झाला. बंदरातला एक जुना धक्का मोडला, तेव्हा त्याच्या रेड गम या टणक, लालसर लाकडाच्या फळ्या भंगारात निघाल्या होत्या. ऑस्सी नावाचा सुतार ओतकामाचे लाकडी साचे घडवायचा. त्याने त्या फळ्या उचलून आणल्या आणि जेवणाच्या सुट्टीत बसून मला बनवले. इतके लांबरुंद बनवले की चहाघराच्या दारातून मी आत जाईना. शेवटी दाराची चौकट काढावी लागली आणि ऑस्सीला महिनाभर सगळ्यांचे टोमणे खावे लागले.

पण काय रुबाब होता माझा! दहाची घंटा झाली की स्मोको, म्हणजे चहाची सुट्टी. ओतकामवाले, लेथवाले, जुळणीच्या बायका, सगळे माझ्याभोवती येऊन बसत. गरम कपांनी माझ्या अंगावर गोल डाग पडत. मला त्यांचे कधी वाईट वाटले नाही. डोरिस बुहाजार माल्टाहून आलेली, जुळणीची मुख्य. ती रिकोटा चीज भरलेल्या पास्तित्सी आणायची. त्या करंज्यांचे तूप माझ्या रेषारेषांत मुरले आहे. लाम लेथवर होता. तो आपल्या डब्यातले अर्धे दुसऱ्यांनाच वाढायचा. आणि स्कली सामानाच्या कोठीत बसायचा. त्याला आभाळ निरभ्र दिसले तरी त्यात काहीतरी डाव वाटे. खरे सांगतो, माझा स्वभावही त्याच्याच संगतीने बिघडला.

आमच्याकडे केकची एक रीत होती. ज्याचा वाढदिवस, त्यानेच केक आणायचा. स्वतः काही बोलायचे नाही. दोरी बांधलेला खोका माझ्या मधोमध ठेवायचा आणि हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. मग कोणीतरी विचारायचे, "कोणाचा?" ज्याने विचारले त्याने खणातून सुरी आणायची, मगच दोरी सुटायची आणि गाणे व्हायचे. बेसूर गायचे सगळे, पण गायचे.

मालक मर्विन ट्रेगोवन, म्हणजे मर्व्ह, या रीतीत कधी बसला नाही. तो वरच्या खोलीत एकटाच चहा घ्यायचा. तोवर त्याने माझ्यावर केक ठेवला तो फक्त दोनदा. पहिल्यांदा आला तेव्हा सुरी त्याच्याच हातात होती. केक कापता कापता त्याने सांगितले की ओतकाम बंद होणार. ऑस्सीची नोकरी त्याच दिवशी गेली. दुसऱ्यांदाही सुरी घेऊनच आला, आणि अवजारांचा विभाग परदेशात हलल्याचे कळले. तेव्हापासून चहाघरात सगळ्यांनी मनाशी पक्के केले होते की मालकाने केक आणला की कोणाच्या तरी पोटावर पाय येतो. मीही तेच पक्के केले होते.

मग ही अलीकडची वर्षे आली. शहर पश्चिमेकडे वाढत सुटले. स्कली रोज वर्तमानपत्राचे व्यापाराचे पान माझ्यावर पसरायचा आणि मोठ्याने वाचायचा.

"ऐका, आज आणखी एकाला गिळलं. मोठ्याने मधल्याला, मधल्याने धाकट्याला. आणि फोटोत बघा, गिळलेला पण हसतोय!"

"तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं रे," लाम म्हणायचा.

"अरे, असतं म्हणून दिसतं! हा कागद वाच. 'दोन्ही कंपन्यांच्या हिताचा करार.' मग तिसऱ्याचं काय? तिसरा म्हणजे तू, लाम. चहा पी."

एके दिवशी लॅकलन पर्सेल नावाचा माणूस कारखाना पाहायला आला. कंपन्या विकत घ्यायच्या, जोडायच्या आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. पायात नवे कोरे सुरक्षेचे बूट होते आणि तळव्याला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. त्याने पंपाला हात लावला नाही. चहाघरात आल्यावर मात्र माझ्यावर तळवा फिरवला आणि म्हणाला, "वा, काय लाकूड आहे!" मित्रांनो, असली स्तुती मला आवडत नाही. स्तुती करताना त्याची नजर खिडकीबाहेर होती.

"ही विजेची मोठी लाईन थेट तुमच्या हद्दीतून जाते का?" त्याने डोरिसला विचारले.

"जाते की. का हो?"

"नाही, सहज."

तो गेल्यावर स्कलीने कप आपटला. "सहज! पंप विकत घ्यायला आलेला माणूस विजेच्या खांबांचे फोटो काढतो होय?"

डोरिस त्या दिवशी पास्तित्सी न खाताच बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "मला साठावं लागेल आता. या वयात दुसरीकडे मला कोण उभं करणार? आणि माझ्या पोरींचं काय?" पोरी म्हणजे जुळणीच्या बायका. त्यातल्या दोघी नातवंडेवाल्या होत्या, पण डोरिसला त्या पोरीच.

तिने एकदा मर्व्हला जिन्यात गाठले. चहाघराचे दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले.

"मर्व्ह, खरं सांगा. विकताय का आम्हाला?"

"अजून काही ठरलं नाही, डोरिस."

ती आत येऊन हे सांगते न सांगते तोच स्कली म्हणाला, "ठरलं नाही म्हणजे ठरलं. मालक लोकांची भाषा आहे ती." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मान असती तर मीही डोलावली असती.

पुढच्या शुक्रवारी स्मोकोला मर्व्ह आला. गळ्यात टाय होता आणि हातात दोरी बांधलेला खोका. तो खोका त्याने माझ्या मधोमध ठेवला. दोन पावले मागे सरला, हात पाठीमागे बांधले आणि उभा राहिला.

चहाघरात कोणी हलेना. पाण्याची टाकी तेवढी सूं सूं करत होती. स्कलीने वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. लाम कपात बघत बसला. डोरिसचे दोन्ही तळवे माझ्यावर टेकलेले होते आणि ते घामाने ओले झाले होते. तिने एकदा तोंड उघडलेही. पण विचारायचे म्हणजे वाईट बातमीला आपणच दार उघडून द्यायचे. तिने तोंड मिटले.

घंटा झाली. खुर्च्या सरकल्या.

"बरंय मग," मर्व्ह म्हणाला. "खाऊन टाका." त्याने खोक्याची दोरी उगीच नीट केली आणि तो निघून गेला.

"सुरी नव्हती आज हातात," लाम म्हणाला. "मागच्या दोन्ही वेळी होती. बघितलंत का?"

"बघितलं ना," स्कली म्हणाला. "म्हणजे या वेळी कापायलासुद्धा काही उरलं नाहीये."

यावर काहीजण हसले. मलाही ते पटले होते, हे तुमच्यापासून लपवून काय करू? संशयाची एकदा सवय लागली की समोर काहीही ठेवा, त्याचा अर्थ एकच निघतो. खोक्याला कोणी बोट लावले नाही. शनिवार, रविवार तो माझ्यावरच होता. कारखान्याचा पत्रा तापला आणि खोक्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागली.

सोमवारी सकाळी पर्सेल आला. त्याने सगळ्यांना अंगणात उभे करून सांगितले की करार झाला आहे, ट्रेगोवन पंप आता त्याच्या कंपनीचा भाग आहे आणि काहीही बदलणार नाही. "काहीही बदलणार नाही" हे त्याने तीनदा म्हटले. जुळणीच्या बायका तिथेच रडायला लागल्या. मर्व्ह दिसला नाही.

डोरिस चहाघरात एकटीच आली. खोका कचऱ्यात टाकायला तिने उचलला, पण तो जड होता आणि तळ ओला झाला होता. म्हणून तिने दोरी तोडून झाकण उघडले. पांढरे क्रीम लावलेला केक उकाड्याने एका बाजूला खचला होता. त्यात मेणाचे दोन आकडे खोचलेले होते. एक आठ आणि एक शून्य.

"अरे देवा," डोरिस म्हणाली. "मर्व्ह!"

ती खुर्चीत बसली. बऱ्याच वेळाने उठली, खणातून सुरी आणली आणि एक तुकडा कापला. मुंग्या झटकून तो शिळा तुकडा तिने उभ्याउभ्याच खाल्ला. तिचे अश्रू माझ्यावर पडले. पर्सेलचे महागडे तेल नंतर त्यांच्यावरूनच फिरले. मग तिने खोका बंद केला आणि बाहेर नेऊन टाकला. ही गोष्ट तिने स्कलीला सांगितली नाही, लामला सांगितली नाही. सांगून आता काय होणार होते?

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. वर्ष उलटायच्या आत कारखाना बंद झाला. विजेची लाईन ज्यांना हवी होती त्यांनी जमीन घेतली. जिथे आम्ही शेतांना पाणी देणारे पंप बनवायचो, तिथे आता संगणकांची खिडक्या नसलेली गोदामे उभी आहेत. म्हणतात तिथे माणसे फारशी लागतच नाहीत. चहाघर तर नाहीच. शेवटच्या दिवशी लामने आपला कप धुऊन जागेवर ठेवला, सवयीने. डोरिसने माझ्या कडेवर एकदा हात फिरवला आणि ती गेली. तिला पुढे काम मिळाले की नाही, मला माहीत नाही. रोज मनात येते, पण सांगणारे कोणी नाही.

मला मात्र नोकरी लागली. पर्सेलने मला उचलून शहरातल्या उंच इमारतीत आणले. इथेही दाराची चौकट काढावी लागली, पण टोमणे कोणी मारले नाहीत. सगळे कप-डाग तासून काढले. आता माझ्याभोवती करार होतात. पाहुणा आला की पर्सेल माझ्यावर थाप मारतो. "अस्सल कामगारांचं टेबल आहे. याला इतिहास आहे." इतिहास तेवढा वर आणला, माणसे खालीच सोडली.

त्याच पर्सेलने एकदा एका नवख्या सहकाऱ्याला ट्रेगोवनचा किस्सा सांगितला.

"म्हातारा विकणारच नव्हता," तो म्हणाला. "मी आशा सोडली होती. गुरुवारी मला म्हणाला, उद्या माझी ऐंशी पूर्ण होतायत, कामगारांसोबत केक कापणार आणि त्यांना सांगणार की कारखाना विकत नाही, मी मेल्यावर तो तुम्हीच चालवा. शुक्रवारी दुपारी त्याचाच फोन. गाडीतून बोलत होता. म्हणे, कागद पाठव. ज्यांच्यासाठी एवढे दिवस तुला नाही म्हणतोय, त्यांना माझा केकसुद्धा नकोय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? तासाभरात कागद पाठवले."

दोघे हसले. मित्रांनो, पर्सेलच्या तोंडच्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. तो प्रत्येक करार रंगवून सांगतो. म्हातारा आधीच वाकला असेल आणि केकचे निमित्त पर्सेलने नंतर जोडले असेल, असेही मला वाटते. पण मग तो आठ आणि तो शून्य आठवतो. पाठीमागे बांधलेले ते रिकामे हात आठवतात. आणि मला मर्व्हचा राग येतो. अरे, इतकी वर्षे वर एकटा बसलास, दोनदा सुरी घेऊन आलास, मग एकदा तोंड उघडून "माझा वाढदिवस आहे" एवढे म्हणायला काय झाले होते? आणि स्कलीचा राग येतो, डोरिसचाही येतो, आणि सगळ्यात जास्त माझा, कारण मीही त्या खोक्याकडे डोळे वटारूनच बघत होतो.

तेव्हा माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. मला तेल लावू नका, माझ्या लाकडाचे कौतुक करू नका. संशय खुशाल घ्या. या शहरात तो घ्यावाच लागतो. फक्त तो पोटात ठेवून गप्प बसू नका.

हे सांगतो आहे कारण आज सकाळी माझ्या मधोमध पुन्हा एक खोका आहे, दोरी बांधलेला. बाहेर पाहुण्यांना बसवणारी इमोजेन तो ठेवून गेली. या कंपनीलाही कोणीतरी मोठी कंपनी विकत घेणार अशी कुजबुज आहे, त्यामुळे कोट घातलेली माणसे खोक्याकडे चोरून बघतात आणि लगेच फोनमध्ये डोके घालतात. आज कोणाला काढणार, असे एकाने दुसऱ्याला हळूच विचारलेसुद्धा. इमोजेन दाराशी उभी आहे. तिचे हात पाठीमागे आहेत.

मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे. विचारा ना कोणीतरी, केक कोणाचा?