मंजुळेचा ळ

मंजुळा निवेदिका म्हणून पहिल्यांदा टीव्हीवर आली त्या संध्याकाळी अख्खा मानपाडा टीव्हीवाल्या गोविंदाशेठच्या ओटीवर मावेना. आगऱ्यांची पोर आणि काय ते खणखणीत मराठी! त्या मराठीतला ळ तिने जिभेला फोड येईस्तोवर कमावलेला. घरात कुणाच्या तोंडात ळ नव्हताच. काळा म्हणजे काला, आभाळ म्हणजे आभाल. मंजुळा मोरीत बसून रिकाम्या बादलीत तोंड घालायची आणि घोकायची, “कमळ, बाभूळ, वादळ!”

त्याला दहा वर्षं झाली आणि मग मानपाडा रोडच्या खड्ड्यात रिक्षा आदळली. दांडा थेट तोंडावर. वरचे दोन दात गुल!

कल्याणच्या डॉक्टरांनी कवळी बसवली. आरशात दात एकदम हिरॉईनचे! खूश होऊन ती म्हणाली, “मी मंजुला.”

ळचा पुन्हा ल! टाळूभर प्लास्टिक, जीभ मागे वळणार कुठे?

तिची आई बायजा खो खो हसली. “आता कशी आमची झालीस गो बाय!”

“आये, मस्करी नको करू गो! सोमवारी लाइव्ह हाय. चुकले तर काढतील मला.”

“दोन दात परलं, यवरी कनाला रडतं?” एवढं रडायचं कशाला, हे बायजाला कळेना.

मंजुळा मोरीत गेली. बादलीतून आवाज आला, “कमल… बाभूल…” मग नुसते हुंदके. बायजाचं हसू तिथेच विरलं.

सोमवारी स्टुडिओत निर्मात्या शालनताई काचेपलीकडे बसल्या होत्या. पुढच्या निवेदिका आजच ठरणार होत्या. बाहेर बाकावर दोन नव्या मुली, दोघींचे दात मोत्यांसारखे. मंजुळेच्या हातात कागद होता: सायंकाळ, बाळगोपाळ, मेळा. वैऱ्याने शोधून लिहावं तसं!

कवळी ठेवली तर ळ गेला. काढली तर चेहरा गेला.

लाल दिवा लागायच्या आत तिने पदराआड कवळी काढली आणि मुठीत दाबली. ओठ जेमतेम उघडत ती बोलू लागली. “नमस्कार. सायंकाळच्या सभेत आपलं स्वागत. सादर आहे बाळगोपाळांचा मेळा.” स जरासा शिट्टी मारून गेला, पण ळ? एकेक ळ टाळूवर टणकन वाजला!

शेवटचा शब्द संपला. दिवा मात्र विझेना. कानातल्या यंत्रात शालनताई कुजबुजल्या, “मस्त! अहो पण हसा की. हसल्याशिवाय कट करता येत नाही, माहितीये ना? हसा, मंजुळाबाई!”

मुठीतली कवळी तळहातात रुतली. समोर कॅमेरा, त्यामागे अख्खा महाराष्ट्र, आणि गोविंदाशेठच्या ओटीवर आये.

मंजुळा हसली. तोंडभर.

दिवा विझला. काचेपलीकडे शालनताई उठल्या आणि नव्या मुलींच्या बाकाकडे जाणारं दार उघडू लागल्या.