अष्टोबाचे पाय

आमच्या पुस्तकांत आधी चित्र, मग गोष्ट. दादा समुद्रातले प्राणी काढणार आणि कागदावर दिसेल तेवढंच मी लिहिणार. नसलेलं घुसडायचं नाही, असलेलं गाळायचं नाही. एकदा शार्कच्या डोक्यावर त्याची शाई सांडली, तर मी शार्कला टोपी दिली. पोरांनी ती टोपी डोक्यावर घेतली.

अर्धांगाच्या झटक्यानंतर दादाचा उजवा हात शाबूत राहिला म्हणून मला हायसं वाटलं. कसलं हायसं! ताटातली डावीकडची भाजी तो तशीच ठेवायचा आणि वाढली नाही म्हणून माझ्यावर डाफरायचा. दाढी एकाच गालाची. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, पण मेंदूच्या लेखी डावी बाजू नाहीच, आणि सांगूनही त्याला ते पटणार नाही.

मग नव्या पुस्तकासाठी त्याने म्हातारा ऑक्टोपस काढला, आमचा अष्टोबा. अर्धं डोकं, एक डोळा, चार पाय, आणि डावीकडे कोरा कागद. रेषा मात्र तीच, जिवंत. संपादकबाईंना कळलं असतं तर त्यांनी दुसरा चित्रकार गाठला असता, आणि चित्रांवाचून दादा जगला नसता. मी लिहिलं, समुद्रात पांढरा काळोख आला आणि त्याने अष्टोबाचं अर्धं अंग गिळलं. बाई खूश झाल्या. पोरं घाबरतील आणि पानं उलटत राहतील, म्हणाल्या.

प्रकरण झालं की दादाला वाचून दाखवायची सवय. माझी अक्कल शेण खायला गेली होती, मी हेही वाचलं.

"गिळलं कसं? मी तर अख्खा काढलाय."

गोष्टीत जरा थरार हवा, असं काहीतरी मी बडबडले.

"आपण दिसतं तेच लिहितो ना? मग पाय मोज."

आठ म्हणता आलं असतं. पण चित्राबाबत मी त्याच्याशी कधीच खोटं बोलले नव्हते, जीभ वळेना.

"चार," मी म्हणाले.

त्याने बोट ठेवून मोजले, पुन्हा मोजले. मग पेन्सिल घेऊन राहिलेले चार पाय काढले. सगळे उजवीकडेच, आधीच्या पायांच्या मधेमधे कोंबून. मला रडू आवरेना.

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"दुसरा कोणीतरी बघ," तो म्हणाला. "त्याला सांग, म्हातारा अख्खा काढ."